सुनावणीत रडू आले तर?

“सुनावणीत सगळ्यांसमोर रडू आले तर?” आणि “प्रश्न विचारल्यावर डोके एकदम रिकामे झाले तर?” हे दोन प्रश्न नैराश्यावर उपचार घेत असताना नोकरीतील चौकशीला किंवा कामगार न्यायालयातील साक्षीला सामोरे जाणारी माणसे हमखास विचारतात. ठाण्यात समुपदेशन करताना ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील बरीच मंडळी माझ्याकडे येतात, त्यांपैकी एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

हे गृहस्थ एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे काम करत होते. तेवीस दिवस विनापरवाना गैरहजर राहणे आणि तपासणीच्या नोंदवहीतील काही रकाने कोरे ठेवणे, असे दोन आरोप ठेवून त्यांना निलंबित केले होते. घणसोलीहून ट्रान्सहार्बरच्या लोकलने ते आले तेव्हा आरोपपत्र चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलेले होते, आणि मिळाल्यापासून त्यांनी ते पूर्ण वाचलेच नव्हते. “मॅडम, पहिली ओळ वाचली की छातीत धडधडते,” असे ते म्हणाले. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे मी त्यांना त्याच भेटीत सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार माणसाच्या मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. आरोपपत्र मिळाले त्या रात्री तो आला होता, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या संमतीने पत्नीला विश्वासात घेतले, औषधे पत्नीच्याच ताब्यात दिली, मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवले आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये नोंदवून घेतला. सुनावणीची तयारी त्यानंतर सुरू झाली.

त्या तयारीत पहिली चूक माझीच झाली. मी त्यांना संथ श्वसनाचा सराव शिकवला, घरी तो उत्तम जमला, आणि पहिल्या सुनावणीत त्यानेच घात केला. चौकशी अधिकारी प्रश्न विचारत असताना हे गृहस्थ मनातल्या मनात श्वास मोजत राहिले, दोन प्रश्न त्यांना ऐकूच आले नाहीत, आणि घाबरून त्यांनी दोन्हींना “हो” म्हटले. नैराश्यात विचारांची गती मंदावते, लक्ष टिकत नाही आणि नेमकी तारीख किंवा प्रसंग आठवायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो. अशा मनावर “शांत राहा” हे आणखी एक काम लादले की मुळातच तुटपुंजी असलेली शक्ती त्यातच खर्च होते. तेव्हापासून मी श्वसन दाराबाहेरच्या प्रतीक्षेसाठी राखून ठेवते आणि आत गेल्यावर करायच्या गोष्टी वेगळ्या शिकवते.

आत गेल्यावर स्मरणशक्तीचे काम कागदाने करायचे, असे आम्ही ठरवले. आरोपपत्र त्यांनी एका बैठकीत एकच परिच्छेद या हिशेबाने माझ्यासमोर वाचले आणि त्या तेवीस दिवसांचा तारीखवार तक्ता एका पानावर तयार केला. त्यासोबत तीन वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहिली: “प्रश्न पुन्हा सांगावा.” “मला आठवत नाही, नोंद पाहून सांगतो.” “मला पाच मिनिटे हवी आहेत.” ही वाक्ये पाठ करण्यासाठी नव्हती, समोर ठेवून वाचण्यासाठी होती. त्यांच्या पत्नीने चौकशी अधिकारी होऊन स्वयंपाकघरात त्यांना प्रश्न विचारले. पत्नीला साहेबी आवाज काही केल्या काढता येईना, दोघेही हसले, आणि कित्येक आठवड्यांनी घरात हसू ऐकू आले, असे त्यांनी मला नंतर फोनवर सांगितले.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा निघाला. नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांना पहाटे लवकर जाग येते, सकाळ सर्वांत जड जाते आणि दुपारनंतर मन थोडे हलके होते. या गृहस्थांचेही तसेच होते, त्यात रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहा-अकरापर्यंत उतरत नसे. त्यांनी कारखान्याकडे दुपारची वेळ लेखी मागितली आणि ती मिळाली. गोळीची वेळ मनोविकारतज्ज्ञांनी बदलून दिली. सुनावणीच्या दिवशी गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे असतेच. पण “टेन्शनची गोळी” म्हणून कुणा सहकाऱ्याने दिलेली गोळी त्या सकाळी पहिल्यांदा घेणे तितकेच घातक असते, कारण अशा काही गोळ्यांनी घबराट कमी होते तशी स्मृतीही पुसट होते.

पुढची तारीख मागून घेण्याचा मोह मात्र त्यांना फार होता. टाळावेसे वाटणे हा या आजाराचाच एक भाग आहे, आणि तारीख टळल्यावर मिळणारा दिलासा दोन दिवसही टिकत नाही. शिवाय न कळवता गैरहजर राहिल्यास चौकशी एकतर्फी चालू शकते. स्थायी आदेश, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम, लागू असलेल्या आस्थापनेत निलंबन भत्ता पहिले नव्वद दिवस पगाराच्या निम्मा असतो, आणि पुढे तो पंच्याहत्तर टक्के होतो तो विलंब कामगारामुळे झालेला नसेल तरच, हा हिशेब त्यांना युनियनच्या प्रतिनिधीने समजावून दिला. तेच पुढे बचावासाठी त्यांच्या शेजारी बसले. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या गृहस्थांनी तेथेही सल्ला घेतला.

सर्वांत अवघड प्रश्न आजार उघड करण्याचा होता. त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडून टायफॉइडचे प्रमाणपत्र आणायचे होते, कारण त्यांच्या मते “टायफॉइडला कुणी वेडा म्हणत नाही.” खोटे प्रमाणपत्र पकडले गेले की तो तिसरा आरोप होतो, एवढे मी स्पष्ट सांगितले. मात्र नैराश्याचा उल्लेख करायचा की नाही, हा निर्णय त्यांचाच राहू दिला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क रुग्णाचा असतो, त्यामुळे कारखान्यातून मला फोन आला असता तरी मी काही बोलले नसते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला निकाल त्यांनी कुठेतरी वाचला होता. ज्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई झाली, त्यामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण होते एवढे दाखवणे पुरेसे आहे, ते एकमेव कारण असण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. पण तो निकाल अपंगत्वाच्या कायद्याच्या चौकटीतला आहे आणि गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाला तो आपोआप लागू होत नाही, हे समजल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरीही आठ दिवसांनी त्यांनी स्वतःच मनोविकारतज्ज्ञांचे खरे प्रमाणपत्र जोडायचे ठरवले, त्यात उपचारांचा कालावधी आणि तेव्हाची कार्यक्षमता एवढेच लिहून घेतले, आणि घरातील इतिहास बाहेरच ठेवला.

दुसरी सुनावणी प्रशिक्षणाच्या खोलीत झाली. त्याच खोलीत सुरक्षा सप्ताहात त्यांना एकदा बक्षीस मिळाले होते आणि त्या वेळचा समूहफोटो अजून भिंतीवर होता. प्रयोगशाळेच्या प्रमुखांची साक्ष चालू असताना तो दिसला आणि त्यांना रडू कोसळले. त्यांनी पानावर बोट ठेवून तिसरे वाक्य वाचले. चौकशी अधिकाऱ्यांनी पाणी मागवले, कामकाज थांबले, आणि नोंदीत “आरोपित कर्मचाऱ्यास अस्वस्थ वाटल्याने पाच मिनिटे कामकाज थांबविले” अशी ओळ आली. परत बसल्यावर त्यांनी मागच्या सुनावणीतील ते दोन “हो” नीट न ऐकता दिले होते, हे लेखी नोंदवून घेतले. शेवटी प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही केली नाही, एका तारखेची चूक दुरुस्त करून घेतली आणि प्रत मागून घेतली. वाचायला त्यांना चाळीस मिनिटे लागली आणि तोवर सगळे थांबून राहिले.

नोंदवहीचा आरोप सिद्ध झाला, गैरहजेरीच्या बाबतीत आजारपण विचारात घेतले गेले, आणि बडतर्फीऐवजी चार दिवसांचे बिनपगारी निलंबन व लेखी ताकीद मिळाली. त्यांना हा निकाल अन्यायाचा वाटतो, मला तो तितका वाटत नाही, आणि यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. ते कामावर परतले आहेत, औषधे चालू आहेत, सकाळ अजूनही जड जाते, म्हणून आमची पुढची भेट गुरुवारी संध्याकाळी सहाची ठेवली आहे.