जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यापासून वायफाय गायब आहे. कार्ड बदलावं लागेल का?

नंदगडहून तुम्ही विचारलंय की जुना लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकलं, बाकी सगळं झकास चालतंय, पण वायफायचं चिन्हच येत नाही. बेळगावच्या दुकानात दाखवला तर 'कार्ड गेलंय, नवीन घाला नाहीतर परत विंडोज टाकून देतो' असं सांगितलं. घरी केबलचं इंटरनेट नाही, जे काय आहे ते मोबाईलवर. लॅपटॉपचं मॉडेल तुम्ही अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिलंय, कार्डाबद्दल मात्र एक शब्द नाही.

कार्ड बदलू नका. महिन्यापूर्वी विंडोजवर वायफाय चालत होतं म्हणता, मग ते नेमकं लिनक्स टाकल्याच दिवशी मरायचं काही कारण नाही. मी बेळगावच्या शहापुरात राहतो आणि बरीच वर्षं विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतो. 'कार्ड गेलंय' म्हणून माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपांत खरोखर गेलेलं कार्ड क्वचितच निघालं. बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं, त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तेवढा नसतो.

आधी लॅपटॉपचं मॉडेल बाजूला ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं असू शकतात. म्हणून 'माझ्या मित्राच्या सेम लॅपटॉपवर चाललं' याला काही अर्थ नसतो. आपल्याला कार्डाचा स्वतःचा नंबर पाहिजे. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि एलएसपीसीआय असं लिहा, एक जागा सोडा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एन, एन, के. मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी छोटी अक्षरं टाइप करायची. आणि आपल्या भागात एक घोळ हमखास होतो, तो सांगून ठेवतो: लॅपटॉपवर इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड असे तीन-तीन कीबोर्ड घातलेले असतात. टर्मिनलमध्ये भलतीच अक्षरं उमटायला लागली तर घाबरू नका, खालच्या पट्टीतून इंग्रजी कीबोर्ड निवडा.

जी लांबलचक यादी येईल तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे चौकटी कंसात चार अक्षरं, विसर्गचिन्ह, परत चार अक्षरं दिसतील. पहिली चार कंपनीची: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. पुढची चार त्या चिपची. त्याखालीच 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का ते बघा. कार्ड दिसतंय पण ही ओळ नाही, तर ड्रायव्हर बसलेला नाही. ओळ आहे पण नेटवर्क दिसत नाहीत, तर आरएफकिल लिस्ट ही कमांड द्या, वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते ती दाखवते. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय, झालं काम. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर लॅपटॉपच्या कडेला छोटं बटण किंवा वरच्या ओळीत विमानाच्या चित्राची कळ असते, ती दाबा. कार्ड यादीतच नसेल, तरच ते नीट बसलंय का हे बघायला मागचं झाकण उघडायचं.

तुमच्या लॅपटॉपच्या काळाकडे बघता १४ई४:४३६५, म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ ही चिप असण्याची शक्यता मला बरीच वाटते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

कार्ड चालायला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात असतो. दुसरी फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, जो बहुतेक कार्डांत दर वेळी लॅपटॉप चालू झाल्यावर भरावा लागतो. इंटेलचा ड्रायव्हर खुला आहे, फर्मवेअर बंद आहे पण वाटायची परवानगी आहे, म्हणून मिंटमध्ये ते आधीच येतं. अथेरॉसच्या ज्या जुन्या पीसीआय कार्डांना एटीएच९के ड्रायव्हर चालतो, त्यांना तर वेगळं फर्मवेअरच लागत नाही. ब्रॉडकॉमने २०१० साली काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण बीसीएम४३१४२ त्यात नाही. तिला कंपनीचा डब्ल्यूएल नावाचा बंद ड्रायव्हरच लागतो, आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१५ सालची आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्या कर्नलवर तो चालावा म्हणून उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांची माणसं त्याला ठिगळं लावत आलीत. त्यांच्या त्या कष्टांवर आपल्यासारख्यांचे जुने लॅपटॉप अजून चालतात, याचं मला फार मोल वाटतं.

आता मेख अशी की ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर. याला आपला मोबाईल पुरतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा (नुसतं चार्जिंग करणारी केबल चालत नाही, यात लोकांचा तासभर जातो), फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबल जोडल्याशिवाय ते बटण दाबताच येत नाही. लॅपटॉपला वाटतं की वायर्ड नेटवर्क लागलं, आणि इंटरनेट सुरू. मग मिंटच्या मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, ब्रॉडकॉमच्या समोर बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स हा पर्याय निवडा, बदल लागू करा आणि लॅपटॉप बंद करून चालू करा. रेंजच नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच लावा, ड्रायव्हर मॅनेजर त्यातूनही हे पॅकेज घेऊ शकतो.

सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामला सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो कागदावर लिहा. पुढच्या वेळी लॅपटॉप चालू होताना निळा पडदा येतो, त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. अनेकजण गडबडीत पुढे जातात आणि मग ड्रायव्हर बसूनही कर्नल त्याला आत घेत नाही. तसं झालं तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करा, घरच्या लॅपटॉपला मी तेच सुचवतो.

इथे थांबलात तर पुढच्या अपडेटला परत रडायची पाळी येईल, ते मी अनुभवलंय. जांबोटीच्या बाजूला एका मराठी शाळेला देणगीत सहा जुने लॅपटॉप मिळाले होते. मी सगळ्यांवर डेबियन टाकलं. दोघांत असंच बाहेरून ड्रायव्हर लागणारं कार्ड होतं. पावसाचे दिवस, लाईट गेलेली, रेंज फक्त व्हरांड्याच्या खिडकीत. फोन खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, केबल आत ओढली आणि बॅटरीवर दोन्ही लॅपटॉप उभे केले. वायफायचं चिन्ह आलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीने पडद्यावरची नेटवर्कची नावं मोठ्याने वाचून दाखवली. दोन महिन्यांनी गुरुजींचा फोन: 'सर, त्या दोघांचं नेट गेलंय.' मी गाडी काढून गेलो. कारण एवढंच निघालं की मी त्या वेळच्या कर्नलपुरतेच हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) टाकले होते. नवीन कर्नल आलं, त्याचे हेडर्स आले नाहीत, आणि हेडर्सशिवाय डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी हे काम आपोआप करणाऱ्या प्रोग्रामला) ड्रायव्हर नव्याने बांधता येत नाही. लॅपटॉप चालू होताना 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुनं कर्नल निवडलं, वायफाय तिथल्या तिथे आलं. मग लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे पॅकेज टाकलं, जे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर्स आपोआप आणतं. ती मुलं दोन आठवडे नेटशिवाय बसली होती, ते मला अजून लागून आहे. मिंटवर याच कामाच्या पॅकेजचं नाव लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. ते असल्याची आजच खात्री करा, आणि अपडेट केल्यावर जुनं कर्नल लगेच काढून टाकू नका.

शोधताना जुन्या लेखांत एनडीआयएसरॅपर नावाचा उपाय सापडेल, विंडोज एक्सपीचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा. त्याच्या नादी लागू नका, त्याचा काळ गेला. आणि बीसीएम४३१४२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. पाहुण्यांच्या घरी फायबर असूनही त्यांचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तुम्हाला दिसणार नाही, तो बिघाड समजू नका. फोनचा हॉटस्पॉट लावताना पण बँड २.४ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा दर अपडेटला ही कटकट नको असं वाटलं, तर मग कार्ड बदला. पण दुकानदार देईल ते घेऊ नका. आधी झाकण उघडून कार्डाची खाच मिनी पीसीआयई प्रकारची आहे की एम डॉट टू प्रकारची ते बघा. इंटेलचं ७२६० दोन्ही प्रकारांत मिळतं आणि मिंटवर काही न करता चालतं. एएक्स२०१ मात्र घेऊ नका, ते इंटेलच्या ठराविक नव्या बोर्डांवरच चालतं. काही लॅपटॉपांचा बायोस परकं कार्ड बघून चालूच होत नाही, म्हणून विकत घेण्याआधी परत करायची बोली करून घ्या. कार्डावरच्या दोन बारीक अँटेना वायरी सरळ वर उचलून काढायच्या, ओढायच्या नाहीत. त्यांची टोपणं मोहरीपेक्षा थोडीच मोठी असतात आणि वाकली की परत बसत नाहीत.

आज रात्री ती कमांड देऊन कंसातली आठ अक्षरं इथेच खाली लिहा. १४ई४:४३६५ नसेल तर त्या चिपचं काय करायचं ते मी सांगतो, लॅपटॉप घेऊन बेळगावला परत हेलपाटा मारू नका.