गच्चीवरच्या शेतीसाठी अनुदान मागताना

शबाना, कोंढव्यातल्या तुमच्या बायकांनी गच्चीवर मेथी-पालक लावला, हे ऐकून फार बरं वाटलं. आता अनुदानाचं बोलू.

आधी कागद. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, मग पॅन, मग आयकर खात्याकडे करसवलतीची नोंदणी (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखतात ती). कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्मही लागतो, २०२१ पासून. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर एकच ठेव. आमचा पहिला अर्ज पॅनवर एक अक्षर जास्त पडलं म्हणून परत आला, आणि सहा महिने गेले. परदेशी पैशाच्या मागे आत्ताच लागू नकोस. त्यासाठी वेगळी एफसीआरए नोंदणी लागते, आणि तिला साधारण तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

लोणचं, सुकवलेली भाजी विकायची असेल तर बचत गट म्हणून पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, अजून चालू आहे का याची चौकशी कृषी कार्यालयात कर. मौलाना आझाद महामंडळ अल्पसंख्याकांसाठी आहे खरं, पण तिथं मिळतं ते मुख्यतः कर्ज. ते फेडायचं असतं, हे गटातल्या प्रत्येकीला आधी सांग.

आणि वही! आजपासून. तारीख, कोणती भाजी, किती किलो, कुणाच्या घरी गेली, ओला कचरा किती जिरवला. आमच्या वहीवर मातीच्या बोटांचे ठसे होते. निधी देणाऱ्या बाईंनी अहवाल बाजूला ठेवून तीच वही अर्धा तास वाचली.

अर्जात ‘सक्षमीकरण’ कमी लिही, किलो जास्त लिही. मसुदा झाला की घेऊन ये, रविवारी मी घरीच आहे.