‘ज्यूरीने कायदा रद्दबातल ठरवला’ : प्रयोग योग्य आहे का?

नानावटी खटल्याविषयी (नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा आरोप होता) लिहिताना ‘ज्यूरीने कायदा रद्दबातल ठरवला’ असे म्हणता येईल का, अशी विचारणा आहे. माझ्या मते येथे शब्दही चुकला आहे आणि उदाहरणही.

कायदा रद्दबातल ठरला की तो कोणालाच लागू राहत नाही, आणि तो अधिकार वरिष्ठ न्यायालयांचा आहे. ‘ज्यूरी नलिफिकेशन’मध्ये (ज्यूरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) कायदा जागच्या जागी राहतो; गुन्हा शाबीत झाल्याचे पटूनही, तो कायदा किंवा त्याची शिक्षा अन्याय्य वाटल्याने ज्यूरी त्या एका आरोपीला सोडून देते. म्हणून ‘कायदा डावलणे’ हाच प्रयोग चपखल. (ज्यूरीला ‘पंच’ मात्र म्हणू नये, पंचनाम्यावर सही करणारे पंच साक्षीदार असतात.)

या डावलण्याला बळ मिळाले ते 1670 मध्ये लंडनला. विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांना रस्त्यावरील प्रवचनाबद्दल बेकायदा जमावाचा दोष लावण्यास ज्यूरीने नकार दिला, तेव्हा तिला अन्नपाण्याविना कोंडून ठेवून दंड ठोठावण्यात आला. बुशेल या सदस्याने दंड न भरता तुरुंग पत्करला आणि निवाड्याबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येत नाही, असा निर्णय मुख्य न्यायाधीश व्हॉन यांच्याकडून मिळवला. पुढे अमेरिकेत पळालेल्या गुलामांना साहाय्य करणाऱ्यांना काही ज्यूरींनी असेच सोडले. पण 1955 मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या मारेकऱ्यांना केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने सुमारे तासाभरात मोकळे केले, हेही या अधिकाराला लोकशाहीची कवचकुंडले म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

नानावटी खटल्यात 1959 मध्ये ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी ‘दोषी नाही’ म्हटले. सत्र न्यायाधीशांनी ते अमान्य करून 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तेथे जन्मठेप झाली. म्हणजे रद्दबातल झाला तो ज्यूरीचा निवाडा. शिवाय, झटापटीत रिव्हॉल्व्हर चुकून उडाले, असा बचाव होता. झटापट होऊनही आहुजांच्या कमरेचा टॉवेल सुटला नाही, हे न्यायालयांना पटले नाही. पण ज्यूरी कारणे देत नसल्याने, तिने बचावावर विश्वास ठेवला की कायदा डावलला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तेथे ‘ज्यूरीने बहुमताने निर्दोष ठरवले’ एवढेच लिहावे.