'लक्ष्यभेद' नको, 'लक्ष्यपारख' म्हणा

रडारसारख्या यंत्रणांच्या परिभाषेतल्या 'टार्गेट डिटेक्शन अँड डिस्क्रिमिनेशन'साठी (लक्ष्य हेरणं आणि त्यातलं खरं-खोटं वेगळं करणं) मराठीत 'लक्ष्यशोध आणि लक्ष्यभेद' चालेल का, असा प्रश्न आहे. पहिला शब्द चालून जाईल, दुसरा घात करील. लक्ष्यभेद म्हणजे नेम साधणं, अर्जुनाने साधला तसा. इथे तर समोर काय आहे हेच अजून ठरायचंय. ('भेदभाव' नकोच. रणगाड्यांवर अन्याय झाल्यासारखं वाटतं.)

अमेरिकेतल्या एमआयटी लिंकन लॅबोरेटरीने रडारचित्रांसाठी वापरलेली पद्धत पाहा. आधी संगणक प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांशी ताडतो आणि फारच उजळ असेल तो बाजूला काढतो. त्यात रणगाडा सापडतो, तशी झाडं आणि इमारतीही सापडतात. मग त्या उजळ डागाची लांबी-रुंदी, पोत वगैरे पाहून नको ते गाळायचं. डिस्क्रिमिनेशन ते हेच. उरेल त्याचं वर्गीकरण शेवटी होतं: टी-७२ रणगाडा की बीएमपी-२ चिलखती गाडी? म्हणजे मधलं काम पाखडण्याचं. 'लक्ष्यनिवड' म्हणावं, तर मारा कुणावर करायचा हे ठरल्यासारखं वाटतं, आणि तो निर्णय निराळा. म्हणून मी 'लक्ष्यपारख' सुचवेन. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला खरं अस्त्र आणि सोबत सोडलेले फसवे फुगे यांत फरक करावा लागतो, तिथेही 'पारख' चपखल बसते.

'डिटेक्शन', 'रेकग्निशन' आणि 'आयडेंटिफिकेशन' या तिन्हींना सरसकट 'ओळखणे' लावू नका. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये यांची मापंच मांडली. वस्तूच्या जागी काळ्या-पांढऱ्या रेषांचा पट्टा आहे असं धरा. निरीक्षकाला निम्म्या वेळा जमायचं, तर वस्तूच्या सर्वांत लहान मापात या रेषांच्या साधारण किती जोड्या सुट्या दिसाव्या लागतात? काहीतरी आहे एवढं कळायला १, रणगाडा आहे हे कळायला ४, कोणता रणगाडा ते कळायला ६.४. मराठीत या पायऱ्या आयत्याच आहेत: चाहूल लागणे, ओळखू येणे, ओळख पटणे. परिभाषेला नामं लागतातच, तेव्हा शोध, अभिज्ञान, ओळखनिश्चिती करा. पण वाक्यात क्रियापदंच वापरा.

याच परिभाषेतल्या 'पॅटर्न'ला 'नमुना' टाळा, कारण 'सँपल'साठी तो लागणारच. 'आकृतिबंध' बरा. सरकारी कचेरीत त्याचा अर्थ मंजूर पदांचा तक्ता असा होतो, पण रडारच्या संदर्भात तो घोळ कुणी करणार नाही.