नाव टाकून ठेवू का?

प्रश्न : ताई, मी सेकंड इयरला आहे. कॉलेजात क्लब, व्हॉलंटियरिंग, मेंटॉरिंग असं बरंच काही चालू असतं. घरचे म्हणतात यात वेळ घालवू नको, मैत्रिणी म्हणतात सर्टिफिकेट मिळतं, नाव टाकून ठेव. मी मुळात कमी बोलणारी, चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं तरी घशाला कोरड पडते. यातून खरंच काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो गं, पण नुसतं नाव टाकून नाही पडत. पाच क्लबांच्या ग्रुपवर असलेली आणि एकाही मीटिंगला कुणी ज्यांची वाट बघत नाही अशी कितीतरी मुलं-मुली मी बघितलीत, आणि त्यांची तीन वर्षं अशीच गेली याचं वाईट वाटतं. अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये हेच मांडलं होतं, की विद्यार्थी स्वतः किती वेळ देतो, किती जीव ओततो त्यावर त्याला काय मिळतं ते ठरतं.

म्हणून एकच काम घे, पण ते पूर्ण तुझं असू दे. कमी बोलतेस ना, मग हिशोबाचं घे. ऐकायला किरकोळ वाटेल पण कार्यक्रम संपला की पावत्यांचा गठ्ठा तुझ्या हातात येतो, साउंडवाल्याचं बिल एक सांगतं आणि वहीतला आकडा दुसरंच, आणि मग ज्या सीनियरने पैसे दिले त्याला गाठून विचारावं लागतं की दादा, याची पावती कुठंय. तो म्हणतो उद्या देतो, उद्या परत विचारायचं, परवा परत, कारण खाली सही तुझी आहे. स्टेजवर पाय न ठेवता तू बोलायला शिकलेली असतेस, आणि तेही न भांडता.

आता महत्त्वाचं. नेव्हिट सॅनफर्ड या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की आव्हान आणि आधार जोडीने लागतात. नुसतं आव्हान असेल तर मूल माघार घेतं, नुसता आधार असेल तर जागचं हलत नाही. त्यामुळे क्लब निवडताना त्याचं नाव किती मोठं आहे ते बघू नको, काम झाल्यावर तिथले सर-मॅडम किंवा सीनियर तुम्हाला घेऊन बसतात का, काय जमलं, कुठे अडलं हे विचारतात का ते बघ. जिथे फक्त राबवून घेतात आणि फोटो काढून मोकळे होतात तिथे जाऊ नको.

घरच्यांची काळजी खोटी नाहीये. आठवड्याचे किती तास देणार ते आधीच सांग, परीक्षेच्या आधी सुट्टी घेणार हे क्लबमध्येही सांगून ठेव. आणि ती घशाची कोरड इतकी वाढली की झोप उडतेय, लेक्चरला जावंसं वाटत नाहीये, तर आधी कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा, क्लबचं नंतर बघू.

पहिल्या मीटिंगला भाषण करायची गरज नाही. "हिशोब मी बघते" एवढंच म्हण.