क्लच जड झालाय? गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

प्रश्न : माझी फोर बाय फोर पंचवीस वर्षं जुनी आहे, डिझेल, क्लच हायड्रॉलिक. गेले दोन-तीन महिने पेडल इतकं जड झालंय की ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा बोलायला लागतो. दाबून सोडलं की वर यायलाही वेळ लावतं. गिअर नीट पडतात, क्लच स्लिप होत नाही. गाडी चिखला-पाण्यात बरीच जाते. मेकॅनिक म्हणतो पूर्ण क्लच सेट बदलू. बदलू का?

उत्तर : थांबा जरा. पेडल वर यायला वेळ लावतं हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळी गोम तिथेच आहे. क्लच प्लेट झिजत गेली की डायफ्रॅम स्प्रिंगची (प्लेट दाबून धरणारी चकतीसारखी स्प्रिंग) बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की ती बोटं ढकलणारं बेअरिंग) सरकतात आणि दाबायला जास्त जोर लागतो हे खरं, पण अशी स्प्रिंग पेडलला परत ढकलतेही जोरात. जड पण आहे आणि वर यायला आळशी पण आहे, म्हणजे कुठेतरी काहीतरी घासतंय नाहीतर हायड्रॉलिक क्लच ज्या तेलाच्या दाबाने चालतो त्याची वाट अडलीय.

आधी मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की तेल ढकलणारा, पेडलजवळचा) पुशरॉडची, म्हणजे त्याला पेडलशी जोडणाऱ्या दांड्याची, पिन काढा आणि पेडल नुसतं हाताने हलवा. इथेच करकरत असेल तर पेडलचे बुश सुकलेत, साफ करून ग्रीस लावा, विषय संपला. पेडल मोकळं असेल तर पिन परत लावून गाडीखाली जा. एकाने पेडल दाबून सोडायचं, तुम्ही क्लचच्या फोर्ककडे, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याकडे, बघायचं. पेडल सोडल्यावरही फोर्क मागे यायला रेंगाळत असेल तर लगेच स्लेव्ह सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने फोर्क ढकलणारा, खालचा) ब्लीड निपल, म्हणजे तेल-हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करा. तेल पिचकारीसारखं उडालं आणि फोर्क झटकन मागे आला तर प्रेशर आत अडकून राहत होतं. बहुतेक वेळा चोर असतो तो स्लेव्हकडे तेल नेणारा रबरी होज, बाहेरून ठणठणीत आणि आतून सुजून बंद. खात्री करायची तर पुन्हा तसंच करा, पण या वेळी होजच्या वरचा, लोखंडी पाइपाचा जॉइंट सैल करा. तिथे सैल करूनही फोर्क हलला नाही तर होजच, आणि तिथेच सुटला तर मास्टर सिलिंडर बघा. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हे तेल रंग खातं. अजून एक, स्लेव्ह खोलून लोंबकळत ठेवून पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर येतो (मी एकदा केलंय, अंघोळ झाली).

निपल सैल करूनही फोर्क जड राहिला तर मात्र मेकॅनिकचं ऐका. फोर्कचा रबरी बूट फाटला की चिखल बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीचं आवरण) जातो आणि रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी कोरडी पडते, खाचा पडतात. तिथे गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एकदमच नवं टाका.

हो, मास्टर सिलिंडर मध्यंतरी कधी बदलला होता का? ५/८ इंच बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जागी ३/४ चा बसला तर पेडल साधारण ४४ टक्के जड होतं, त्यात दुखणं काहीच नसतं. पण मग ते बदलल्या दिवसापासूनच जड असतं, तुमचं तसं वाटत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपला केबलचा क्लच आहे. वर्षात दोन केबल गेल्या, दोन्ही वेळा आधी क्लच जड झाला. केबल डुप्लिकेट येतायत का?

उत्तर : असतीलही, पण आधी इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि चॅसी जोडणारी विजेची पट्टी) बघा. ती तुटली किंवा गंजली की स्टार्टरचा करंट चॅसीवरून इंजिनपर्यंत जायला दुसरी वाट शोधतो आणि ती वाट कधी कधी क्लचची केबल असते. केबल तापते, आतलं अस्तर वितळतं, तार घासायला लागते. जुनी केबल फेकली नसेल तर कापून बघा, अस्तर जळकं दिसलं तर तिसरी केबल टाकायच्या आधी पट्टी बदला. अस्तर ठीक असेल तर केबल कुठे जास्त वाकवून बसवलीय का ते बघा.