नेता खोटं बोलला, तर बातमीत 'खोटं बोलला' असं सरळ लिहावं का?

हो, लिहावं. मात्र कधी लिहावं, याबद्दल माझं मत डेस्कवर बसून बनलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची शंका अशी की, असं लिहिलं तर पत्रकाराने बाजू घेतल्यासारखं होणार नाही का? मी काही वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. एका रात्री एका मंत्र्यांच्या भाषणाची बातमी माझ्याकडे आली. त्यांनी सभेत सांगितलेला आकडा आणि त्यांच्याच खात्याने सभागृहात दिलेल्या लेखी उत्तरातला आकडा यांचा मेळच बसत नव्हता. त्या उत्तराची प्रत माझ्या टेबलावर होती. मी मथळ्यात 'खोटा आकडा' असं लिहिलं. पान सोडायला वीस मिनिटं होती. वरिष्ठांनी 'खोटा आकडा' खोडून 'दावा' केलं आणि लेखी उत्तराचा भाग शेवटच्या परिच्छेदात ढकलला. मग जागा कमी पडली आणि नेमका तोच परिच्छेद उडाला. सकाळी वाचकाच्या हातात पडला तो नुसता मंत्र्यांचा आकडा, आमच्या मथळ्यासकट. बाजू न घेण्याच्या नावाखाली आम्ही बाजू घेतलीच होती.

हे नवीन नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये अमेरिकेचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी व्हीलिंग इथल्या भाषणात परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला. बातमीत आकडा आला २०५. लगेच पुढच्या भाषणांत तो ५७ झाला आणि त्याच महिन्यात सिनेटमध्ये ८१. आकडा असा बदलतोय, हे बातमीदारांना दिसत होतं. पण 'सिनेटर बोलले ही बातमी, खरंखोटं वाचक ठरवेल' या शिरस्त्याने प्रत्येक आकडा जसाच्या तसा छापला गेला. वाचक कशावरून ठरवणार होता? त्याच्याकडे वर्तमानपत्राशिवाय होतं काय? सिनेटने मॅकार्थींची निर्भर्त्सना केली ती डिसेंबर १९५४ मध्ये. तोपर्यंत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

विरुद्ध बाजूचा मुद्दा मात्र वजनदार आहे. खोटं बोलणं म्हणजे माहीत असूनही उलट सांगणं, आणि माणसाच्या मनातलं पत्रकाराला कसं कळणार? 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे तेव्हाचे संपादक जेरार्ड बेकर यांनी जानेवारी २०१७ मध्ये हेच कारण देऊन हा शब्द जपून वापरायला हवा, असं म्हटलं होतं. मला ते अर्धं पटतं. चुकीचं बोलणारा प्रत्येक जण खोटारडा नसतो, आणि ऊठसूट हा शब्द वापरला तर त्याची धार जाते. पण मनात न शिरताही हेतू सिद्ध करता येतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांचा सविस्तर जन्मदाखला एप्रिल २०११ मध्ये जाहीर झाला. त्यानंतरही ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, असा संशय डोनाल्ड ट्रम्प अनेक वर्षं पसरवत राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावरच्या मथळ्यात त्याला सरळ 'लाय', म्हणजे जाणूनबुजून सांगितलेलं खोटं, म्हटलं. कागद समोर असताना तेच पुन्हा पुन्हा सांगणं ही नजरचूक म्हणता येत नाही. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या तथ्यपडताळणी विभागाने ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत ३०,५७३ खोटी किंवा दिशाभूल करणारी विधानं मोजली, पण 'लाय' हा शब्द त्यांनी फार हात राखून वापरला. मोजणी आणि आरोप वेगळे ठेवण्याची ही शिस्त मला आवडते.

मराठीत तर हे अधिक सोपं आहे. आपल्याकडे नाणंही खोटं असतं आणि सहीसुद्धा. 'विधान खोटं आहे' म्हटलं की आपण विधानाबद्दल बोलतो. 'खोटं बोलले' म्हटलं की माणसाबद्दल. पहिलं लिहायला कागदपत्रं पुरतात. ती असतील तर पहिल्याच वाक्यात लिहावं, मथळ्यातही. 'अमुक यांचा दावा' असा मथळा करून खुलासा खाली टाकला, तर खोट्याचीच उजळणी होते. वारंवार ऐकलेलं विधान माणसाला खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून मानसशास्त्राच्या प्रयोगांत दिसत आलं आहे. 'खोटं बोलले' यासाठी मात्र आणखी एक पुरावा हवा: खरं काय ते त्यांना माहीत होतं याचा. आणि तो पुरावा बातमीतच, त्या शब्दाला लागून दिसला पाहिजे. त्या नेत्याचे समर्थक तरीही चिडतील. पण कागद छापलेला असेल तर त्यांना निदान कागदाशी भांडावं लागतं.

त्या रात्री मी 'खोटं बोलले' असं लिहिलं नाही, ते बरोबरच होतं. लेखी उत्तर त्यांच्या खात्याचं असलं, तरी मंत्र्यांनी स्वतः ते वाचलं असेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रतिनिधीने ते उत्तर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, 'बघतो' म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सभेत तोच आकडा पुन्हा सांगितला. त्या दिवशी आम्ही 'खोटं बोलले' असं छापायला हवं होतं. मथळा पुन्हा 'दावा' असाच गेला.